नाव न सांगता लिहिलेलं गाव

माझ्या सासरच्या गावात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळा अगदी सौम्य असतो, ही बातमी मला लग्नाला पंधराएक वर्षं होऊन गेल्यावर इंटरनेटवरून कळली.

मी राहते नाशकात, शिकवते सिन्नरच्या एका शाळेत, आणि सासर विंचूरच्या पुढे जाऊन आत वळल्यावर. विषय भूगोल. त्या दिवशी माझा एक तास रिकामा होता म्हणून स्टाफरूममध्ये बसून मी मोबाइलवर उगाचच सासरच्या गावाचं नाव टाकलं. तर त्या मोकळ्या ज्ञानकोशात, म्हणजे कोणीही यावं आणि लिहावं अशा त्या ज्ञानकोशात, चक्क आमच्या गावाचं पान निघालं! दोन ओळी गाव कुठे आहे त्याच्या आणि खाली हवामान. ते हवामान कोणीतरी एकाच साच्यातून काढून गावोगावच्या पानांवर चिकटवलं असणार. आमच्याकडे मार्च संपता संपता विहिरी तळ दाखवतात आणि बायका टँकरच्या आवाजाकडे कान लावून बसतात. सौम्य उन्हाळा म्हणे! मी एकटीच खो खो हसत सुटले.

मग मला वर कोपऱ्यात 'संपादन' दिसलं. दाबलं. आता हे मोबाइल नंबर मागणार, मग ओटीपी मागणार, मग बहुतेक आधार कार्ड मागणार, अशी मी वाट बघत बसले. काहीच मागितलं नाही. हल्ली दुकानात साधा कुर्ता घ्यायला गेलं तरी गल्ल्यावरचा मुलगा आधी नंबर विचारतो, आणि इथे जगाने वाचायचं पान माझ्यासमोर उघडं पडलेलं, लिही म्हणून! खाली फक्त एवढंच होतं की, तुम्ही खातं उघडलेलं नाही, तेव्हा तुमच्या नावाच्या जागी तुमच्या जोडणीचा आकडा दिसेल. दिसू दे की. मी तो सौम्य उन्हाळा पुसला, पाऊस बेताचा असतो असं लिहिलं, टँकरचंही लिहिलं आणि जतन करा म्हटलं. पान पुन्हा उघडलं तर माझं वाक्य जागेवर! पुढच्या तासाला मी आठवीच्या वर्गात गेले ती जवळजवळ उड्या मारतच.

एवढं काय त्यात, असं कोणालाही वाटेल. माझ्या नवऱ्यालाही वाटलं. त्याने विचारलं, "पैसे देतात का?" नाही म्हटल्यावर त्याचा त्यातला रस तिथेच संपला. पण त्याला कोणी गावात अडवून 'तू कोणाचा?' असं कधी विचारलेलं नाही. मला विचारतात, 'तू कोणाची?' गिरणीत, देवळात, ग्रामसभेत, बाई तोंड उघडायच्या आत पहिला प्रश्न हाच. एकदा कळलं की ही वरच्या आळीतल्या थोरल्या घराची धाकटी सून, की मग मी काहीही बोलले तरी ते माझं राहत नाही. रस्ता खराब आहे म्हटलं तर आमचं घर सरपंचाच्या विरोधात गेलं. शाळेच्या भिंतीला भेग पडली आहे म्हटलं तर आमच्या घराला ठेका हवा आहे. आणि इथे एवढ्या मोठ्या ज्ञानकोशाने मला विचारलंच नाही की बाई, तू कोणाची! खरं सांगते, त्या दिवशी सिन्नरहून घरी येताना एसटीत खिडकीशी बसून मला रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं.

मग काय, वेडच लागलं. जाता-येता एसटीत मी लिहीत सुटले. सिन्नरच्या बाजूच्या एका ओढ्याचं नाव चुकीचं होतं ते नीट केलं. द्राक्षाच्या पानावर छाटणीचं काही नव्हतंच, ते घातलं. आणि दुसऱ्यांचं वाचायची तर त्याहून मजा! नागलीच्या पानावर सुरगाण्याकडच्या कोणीतरी रोप कसं लावतात, भाकरी कशी थापतात, पापड कधी करतात हे इतकं झकास लिहिलं होतं की वाचून भूक लागली. त्याच्याही नावाच्या जागी नुसता आकडा. बाई असेल, बुवा असेल, जीपमध्ये दाटीवाटीने बसून माझ्यासारखंच लिहीत असेल. मला त्या आकड्याचा इतका लळा लागला की विचारता सोय नाही.

टोपणनावाने खातं उघड की, असंही मला कोणी म्हणेल. पण टोपणनाव घेतलं की सगळं लिखाण त्याच्यापाठी ओळीने गोळा होतं. सासरच्या गावाचं पान, माहेरच्या गावाचं पान, सिन्नरचा ओढा, आठवीचा भूगोल. आमच्या गावातला कोणीही ती रांग बघून चहा संपायच्या आत सांगेल, की ही अमुक मास्तरीणबाई. मोबाइलवरून लिहिलं की आकडा सारखा बदलतो, आणि त्यावरून फार तर जिल्हा समजतो. आता तर तो आकडाही झाकून टाकतात आणि एक तात्पुरती खूण देतात. तेव्हा तसं नव्हतं, पण माझं भागत होतं.

माघातली खंडोबाची यात्रा जवळ आली होती. गावाच्या पानावर लोकजीवन असा मथळा होता आणि त्याच्याखाली काही म्हणजे काही नव्हतं. आणि आमच्या यात्रेत बारा गाड्या ओढतात! एकामागोमाग एक बारा बैलगाड्या बांधायच्या, बैल काढून घ्यायचे, गाड्यांत माणसं खच्चून बसायची, आणि भगत म्हणजे देवाचा मानकरी, तो 'येळकोट येळकोट'च्या गजरात ती अख्खी रांग ओढतो. ज्याची गाडी सगळ्यात पुढे त्याचा मान मोठा. पहिली गाडी आमची, वरच्या आळीची, ती कायमचीच आमची, असं मी लग्न करून आल्यापासून ऐकत होते.

शनिवारी अर्धी शाळा करून मी गावी गेले. रांगडा कांदा काढायला आला होता, घरात पुरुषमाणूस कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसून यात्रेचं विचारायला लागले. कशाला विचारतेय तेही सांगितलं. त्यांना ते नेट वगैरे अर्धंमुर्धंच समजलं, पण कोणीतरी विचारतंय याचाच त्यांना आनंद.

"कायमची कसली?" त्या म्हणाल्या. "एका साली आपल्या गाडीचा आस मोडला ऐन टायमाला. भगत हुबा, गर्दी हुबी. मग ह्यांनी काय केलं? खालच्या आळीच्या गाडीचं जू सोता उचललं आन लावली पुढं. म्हणले, एक साल तुमचं, एक साल आमचं. चार-पाच वर्सं चाललं तसं. हे गेल्यावर मोडलं."

"मग दादांना माहीत नाही हे?" दादा म्हणजे माझे थोरले दीर, घराचे आणि यात्रा कमिटीचेही कर्ते.

"त्यो तवा शिकायला नाशकाला व्हता, यात्रेला यायचा नाय. आन मला कुठं कोणी इचारलं?"

मी विचारलं होतं ना! माझा हात शिवशिवायला लागला. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत मी सगळं लिहून काढलं. कोणत्या आळीची गाडी कितवी, जुने भगत कोण, गाड्या दुरुस्त करणारे सुतार कोण, खालच्या आळीत गाडी कोणाकडे होती, सगळ्यांची नावं घालून. आणि शेवटी ती आस, म्हणजे चाकांचा कणा, मोडल्याची गोष्ट. त्यानंतर काही वर्षं पहिल्या गाडीचा मान दोन आळींकडे वर्षाआड होता, हेही. कोणीतरी लगेच त्यावर 'संदर्भ हवा' अशी चिठ्ठी चिकटवून गेलं. बरोबरच होतं त्यांचं. माझा संदर्भ हरभरा सोलत होता, त्याला मी काय करणार?

आठवडाभरात गावाच्या ग्रुपवर त्या पानाचा फोटो फिरला. खाली खालच्या आळीतल्या कोणीतरी लिहिलं होतं, 'बघा, नेटवर पण आलंय! पहिली गाडी आमचीपण!' आणि मग जो काय शिमगा सुरू झाला! नेटवर आलं म्हणजे खरंच असणार, असं अर्ध्या गावाचं म्हणणं, आणि नेटवर कोणीही काहीही लिहितं, असं उरलेल्या गावाचं. दादांचा मला संध्याकाळी फोन. एरवी ते माझ्याशी बेताचंच बोलतात, आणि मला मॅडम म्हणतात.

"मॅडम, ते पान पाहिलं का तुम्ही?"

"पाहिलं, दादा."

"खालच्या आळीतलाच कोणतरी हाय. त्याबिगर असं लिहिणार नाय. तुम्हाला नेटचं समजतं. तेवढा माणूस शोधून द्या."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातातून पडता पडता वाचलं. "बघते, दादा," मी म्हटलं आणि फोन ठेवल्यावर ओट्याला टेकून इतकी हसले की नवरा आतून बघायला आला. माझाच तपास माझ्याकडे! भीती वाटत नव्हती असं नाही. सापडले तर माझं लिहिणं संपलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. दादा काही मला ओरडले नसते. ते नुसते म्हणाले असते, मॅडम, इथून पुढे लिहायच्या आधी आम्हाला दाखवत जा. आणि तेवढं मला गप्प करायला पुरे होतं.

तोवर त्या पानावर दोन्ही आळींचे लोक तुटून पडले होते. एक जण लिहायचा, पहिली गाडी आमचीच. दुसरा येऊन पुसायचा आणि वर शिवी ठेवून जायचा. सगळे माझ्यासारखेच बिननावाचे. ज्ञानकोशातल्या जुन्या संपादकांनी वैतागून पानाला कुलूप घातलं. आता खातं असल्याशिवाय तिथे लिहिता येईना. आणि त्याच्यापुढची गंमत म्हणजे, संपादकांची आपसात बोलायची एक जागा असते, तिला ते चावडीच म्हणतात, तर त्या चावडीवर एकाने आमच्या गावाचं उदाहरण देऊन मागणी केली, की बिननावाने लिहायची ही सोयच सगळीकडे बंद करा. नाव न सांगणाऱ्याला लाज नसते, असं त्याचं म्हणणं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शाळेची मधली सुट्टी होती, डबा तसाच ठेवून मी चावडीवर लिहिलं, अर्थातच नाव न सांगता. त्यावर तासाभरात उत्तर, 'आधी खातं उघडा, मग मत मांडा. बिननावाचं मत मोजलं जात नाही.' म्हणजे बिननावाच्यांनी लिहायचं की नाही हे ठरवायला सगळे बसलेले, आणि त्यात बिननावाच्यांनाच मत नाही! हुबेहूब आमची ग्रामसभा! मला राग आला आणि त्याच वेळी भांडायला असा काही हुरूप आला की काय सांगू.

मी लिहिलं, 'नका मोजू, पण वाचा. या गावाच्या पानावर धो धो पाऊस पाडणारे खातेवालेच होते आणि तो थांबवणारं कोणीतरी बिननावाचं. नागलीचं पान वाचा आणि ते लिहिणाऱ्याला तुम्ही हाकलणार का ते सांगा. शिव्या देणाऱ्यांना रोखा, त्याला माझी ना नाही. पण ज्या माणसाला नाव सांगून बोलायची सोय नाही, त्याला काही ठाऊकच नसतं असं समजू नका. तुम्हाला नाव सांगता येतं ही तुमची चांगली गोष्ट आहे. सगळ्यांची नसते.'

उलट बाजूनेही एकाने चांगलं लिहिलं. तो म्हणाला, रोज सकाळी उठून दुसऱ्यांच्या शिव्या पुसत बसणं काय असतं, ते तुम्हाला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. फुकटात, कोणी न सांगता, हा माणूस रोज आमच्यामागे केर काढतो हे वाचून मी जरा ओशाळले, आणि त्याला तसं कळवलंही. चर्चा चालू राहिली. मी वर्गावर जायच्या आधी बघायची, आल्यावर बघायची, भाजी फोडणीला टाकून बघायची.

शुक्रवारी सिन्नरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत असताना निकाल दिसला. एका ज्येष्ठ संपादकांनी लिहिलं होतं, की शिव्या देणारे आकडे अडवले आहेत, पानाचं कुलूप काढतो आहे, आणि ज्यांनी चांगलं लिहिलं त्यांनी नाव सांगितलं नाही एवढ्यावरून दार लावता येणार नाही. मी स्टँडवर "हाऽऽ!" असं मोठ्याने ओरडले. शेजारची बाई पिशवी सावरून दोन पावलं सरकली.

आनंद एक रात्रच टिकला. शनिवारी गावी गेले तर दादांनी रविवारी देवळात यात्रा कमिटीची बैठक बोलावलेली. त्यात ते पान सगळ्यांसमोर ओळीओळीने वाचायचं ठरवलं होतं. "कोणाचं नाव आलंय, कोणाचं आलं नाय, बघू," दादा जेवताना म्हणाले. "लिहिणारा त्यात सापडतोच."

रविवारी सकाळी मी भाकरी करायला बसले तर जाऊबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी त्यांना ताई म्हणते. दादांची बायको, दहावी शिकलेली, घरात सगळ्यांत कमी बोलणारी. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू लिव्हलंय ना ते?"

मी पिठाचा गोळा परातीत ठेवला आणि आधी दाराकडे पाहिलं.

"सगळ्या गावाची नावं हायेत त्यात," ताई म्हणाल्या. "भगताचं हाय, सुताराचं हाय, खालच्या आळीचं हाय. आपल्या मामंजींचं तेवढं नाय. आन जू उचललं त्यांनी, आत्याबाई परवाच म्हणल्या! त्यांचं नाव न घेता त्यांची गोष्ट कोण सांगतं? आपल्या घरच्या सुनाच. दुसरं कोण?"

मी धावत जाऊन फोन आणला आणि माझंच लिहिलेलं वाचलं. 'एका वर्षी वरच्या आळीच्या गाडीचा आस मोडल्यावर खालच्या आळीची गाडी पुढे लावण्यात आली.' कोणी लावली? त्याचा पत्ताच नाही! मामंजींचं नाव मी कधी उच्चारलं नव्हतं. सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, हे मला कोणी शिकवलंही नव्हतं, ते अंगातच मुरलं होतं. भूगोलाची पदवी घेतलेल्या माझ्या बोटांनी त्या वाक्यापाशी येऊन, मला न विचारताच, वळण घेतलं होतं.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, भांडण पेटलं ते यामुळेच! नाव नाही म्हणून ते वाक्य खालच्या आळीच्या बढाईसारखं वाचलं जात होतं. नाव घातलं की तीच गोष्ट मामंजींच्या मोठेपणाची होत होती. परवापर्यंत पानाला कुलूप होतं. आज नव्हतं.

"घाल नाव," ताई म्हणाल्या. "बैठक व्हायच्या आत घाल. नायतर सापडशील."

मी संपादनाची चौकट उघडली. मामंजींच्या नावाचं पहिलं अक्षर दाबायला बोट नेलं आणि मागे घेतलं. पुन्हा नेलं. हसू नका, पण नाहीच दाबवलं. चावडीवर मोठमोठ्या संपादकांशी भांडणारी मी, आणि एका नावापुढे माझी बोटं लाकडासारखी!

"दे इकडं," ताई म्हणाल्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि फोन घेतला. त्यांचंही तसंच झालं. त्यांनीही ते नाव कधी घेतलं नव्हतं, माझ्याहून जास्त वर्षं. त्या एकदा दाराकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

तेवढ्यात चुलीपलीकडून आत्याबाईंचा आवाज आला. त्या तिथे बसून सगळं ऐकत होत्या हे आमच्या ध्यानातच नव्हतं. "लिव्हा गं," त्या म्हणाल्या. "बोलायचं नसतं. लिव्हायचं नाय असं कोण म्हणलंय?"

ताईंनी लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर शोधत, मामंजींचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. मग 'यांनी स्वतः जू उचलून' एवढं मी सांगितलं आणि त्यांनी टिपलं. जतन करा ताईंनीच दाबलं. आत्याबाईंनी फोन मागून घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि त्या नावाकडे बराच वेळ बघत राहिल्या. वाचून दाखवा म्हणाल्या नाहीत. दाखवणार तरी कोण होतं?

बैठकीला आम्ही चहाची किटली आणि कप घेऊन गेलो आणि सभामंडपाच्या मागच्या खांबाशी उभ्या राहिलो. दादांनी चष्मा लावला आणि फोनवरून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. भगतांची नावं झाली. सुतारांची झाली. आस मोडला तिथे आले, आणि थांबले. पुन्हा पहिल्यापासून ते वाक्य वाचलं. मग त्यांनी स्वतःच्या वडिलांचं नाव वाचलं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"हे आधी नव्हतं," ते म्हणाले.

खालच्या आळीचे थोरले तात्या समोरच बसले होते. "नव्हतं लिव्हलेलं," ते म्हणाले. "पण झालंय तसंच. तुमच्या आबांनीच धरलं व्हतं आमच्या गाडीचं जू. मी त्या गाडीत बसलो व्हतो."

"मग इतकी वर्षं बोलला का नाय तुम्ही?"

"बोललो असतो तर तुमी मानलं असतं का? खालच्या आळीचं बोलणं म्हणून सोडलं असतं."

दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आबांनी ठरवलं व्हतं तर तसंच होईल," शेवटी दादा म्हणाले. "यंदा तुमची गाडी पुढं."

आणि मग एकदम मागे वळून, भर सभेत, "मॅडम, सापडला का तो लिहिणारा?"

"नाही, दादा."

"शोधाच आता. यात्रेत सत्कार करू त्याचा. शाल, नारळ, माइकवरून नाव. आबांची गोष्ट त्याने गावाला सांगितली."

टाळ्या पडल्या! अगदी खालच्या आळीनेसुद्धा वाजवल्या. आणि मी काही साधू-संत नाही. मला तो सत्कार हवा होता, फार हवा होता. माइकवरून माझं नाव, कोणाची सून म्हणून नाही, माझं. जिभेवर आलं होतं. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलंही नाही, त्या नुसत्या कपात चहा ओतत होत्या. पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि ओठ दाबून धरलेलं हसू मला दिसत होतं. आज सकाळी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा जगासाठी काहीतरी लिहिलं होतं. माझं नाव घेतलं असतं तर उद्यापासून लोकांनी त्यांनाही विचारलं असतं, की तुम्ही काय केलंत, कोणाला विचारून केलंत. आणि पुढच्या खेपेला आम्हाला जे लिहायचं होतं ते काही सत्कार करण्यासारखं असेलच असं नव्हतं.

"तो बहुतेक पुढे येणार नाही, दादा," मी म्हटलं.

नाहीच आला. दादांनी यात्रेच्या सकाळी माइकवरून त्याला हाक मारून पाहिली. मग आणलेली शाल खालच्या आळीच्या गाडीच्या जुवावर पांघरली आणि तिच्यापुढे तो नारळ फोडला. भगताने रांग ओढली, येळकोटाचा गजर झाला, भंडारा उधळला, आणि त्या पिवळ्या धुळीत लोकांना ढकलत ताई माझ्याकडे आल्या. मुठीत खोबऱ्याचे दोन तुकडे होते. त्यांनी एक माझ्या हातावर ठेवला आणि दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला.

"खा," त्या म्हणाल्या, "आपल्या सत्काराचं हाय."